16/0 चा गळ आणि बोटभर अँकोव्ही: हॅलिबटच्या त्या फॉरवर्डमधला एकेक नियम

अलास्कातल्या कुणा अनुभवी कोळ्याच्या नावाने फिरणारा ‘हॅलिबट गरवण्याचे 8 नियम’ हा मराठी फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. हॅलिबट म्हणजे आपल्या लेपासारखा चपटा, पण मोठा मासा. बे एरियातल्या मराठी गटांतून तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने तो खरा मानला, 16/0 चे सर्कल गळ मागवले आणि आमिषाला जिवंत अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला लहान मासा, घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत जायची तयारी केली. एकट्या भाच्याला समजावून भागण्यासारखं नाही, कारण त्याच्या गटातल्या आणखी चौघांनी तेच गळ मागवलेत. म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्ड काय म्हणतो ते आधी सांगतो. हॅलिबटला 16/0 मापाचा सर्कल गळच, म्हणजे टोक आत दांड्याकडे वळलेला गोलसर गळच लागतो. गळ जिवंत आमिषाच्या पाठीच्या कण्यातून घालावा आणि टोक मांसात पूर्ण लपवावं. लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा, पोलादी तारेचाच हवा. आमिषाची शेपटी छाटावी, म्हणजे रक्ताच्या वासाने मासा येतो. नांगर टाकून एक पाउंडाचं शिसं सोडावं. मासा लागला की साठ आकडे मोजावेत आणि मग जोरात झटका द्यावा. तिकाटी, म्हणजे तीन टोकांचा गळ कॅलिफोर्नियात बेकायदा आहे. आणि शेवटचं, मासा वर आला की लगेच आकडी (मासा वर ओढायचा दांड्याचा हूक) मारावी, लहान निघाला तर गळ ओढून काढून सोडून द्यावा, ‘जखम खाऱ्या पाण्यात भरते’.

मूळ घोटाळा नावाचा आहे. हॅलिबट म्हणून ओळखले जाणारे दोन वेगळे मासे इथे एक समजले गेलेत. अलास्कात मिळतो तो पॅसिफिक हॅलिबट. त्याचा हौशी गरवण्यातला विक्रम 459 पाउंडांचा आहे, 1996 साली डच हार्बरला झालेला. आपल्या खाडीत आणि खाली सॅन डिएगोपर्यंत वाळूवर मिळतो तो कॅलिफोर्निया हॅलिबट. त्याचा राज्यातला विक्रम 67 पाउंड 5 औंसांचा, 2011 साली सांता रोझा बेटाजवळचा. दोघेही चपटे, आपल्या लेपासारखे एका कुशीवर जगणारे, पण कुळं वेगळी. पॅसिफिक हॅलिबटचे डोळे जवळजवळ नेहमी उजव्या अंगाला असतात, कॅलिफोर्निया हॅलिबटचे डावीकडेही असतात आणि उजवीकडेही. शिकारीच्या दृष्टीने कामाचा फरक तोंडाचा. कॅलिफोर्निया हॅलिबटचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो आणि त्यात सुईसारखे दात असतात. तो समोरून जाणाऱ्या जिवंत माशावर झडप घालणारा आहे. अलास्कातला मोठा हॅलिबट खोल पाण्यात हेरिंगचे तुकडे, साल्मनच्या पोटाच्या पट्ट्या, ऑक्टोपस असल्या मेलेल्या आमिषावर वासाने येतो. त्या मेल्या आमिषाचे नियम कुणीतरी उचलले, त्यात ‘जिवंत आमिष’ आणि ‘कॅलिफोर्निया’ हे शब्द घातले आणि पुढे ढकलून दिले.

सर्कल गळाबद्दल एवढं मान्य करावं लागेल की ती गोष्ट हवेतून आलेली नाही. 1980 च्या दशकात पॅसिफिक हॅलिबट पकडणाऱ्या लाँगलाइन बोटींनी जुना जे-गळ, म्हणजे इंग्रजी J च्या आकाराचा साधा गळ, सोडून सर्कल गळ घेतला आणि तेवढ्याच गळांवर कितीतरी जास्त मासे येऊ लागले. इतके, की आंतरराष्ट्रीय पॅसिफिक हॅलिबट आयोगाला जुनी आणि नवी आकडेवारी एकमेकांशी जुळवून घ्यावी लागली. पण तो लाँगलाइनचा प्रकार आहे. तळावर पसरलेली दोरी, गळाशी माणूस नाही, मासा स्वतःच ओढ देऊन अडकतो. तिथे तो गळ चोख काम करतो. इथे पुलावर रॉड कठड्याला टेकवून बसणार असाल तर सर्कल गळ मीही सुचवेन, पण आमिषाच्या मापाचा.

आणि मापाचं म्हणाल तर गळ माशावरून निवडायचा नसतो, आमिषावरून निवडायचा असतो. खाडीत आमिषाच्या बोटीवर मिळणारी अँकोव्ही तीन ते पाच इंचांची असते. 16/0 चा सर्कल गळ अंगठ्याएवढा, जाड तारेचा. तो नाकात अडकवला की अँकोव्ही पोहू शकत नाही, गळासकट तळाला जाऊन पडते आणि दोन-तीन मिनिटांत संपते. अँकोव्हीला क्रमांक 4 ते क्रमांक 1 चा बारीक तारेचा, आखूड दांड्याचा ‘लाइव्ह बेट’ गळ पुरतो. सहा-सात इंची सार्डिनला, म्हणजे तारलीच्या भाऊबंदाला, 1/0 किंवा 2/0. बांगड्याच्या जातीचा मॅकरेल लावणार असाल तर 3/0 किंवा 4/0. आकड्यांत नवख्यांची हमखास चूक होते. साध्या क्रमांकांत आकडा वाढला की गळ लहान होतो, म्हणजे 6 हा 4 पेक्षा लहान आणि 4 हा 1 पेक्षा. शून्य लागलं की उलट, 1/0 पेक्षा 2/0 मोठा. शिवाय एका कंपनीचा 2/0 दुसरीच्या 1/0 एवढा निघतो, त्यामुळे दुकानात पाकिटावरच्या आकड्यापेक्षा टोक आणि दांडा यांच्यामधली फट बघा. आमिषाच्या डोक्याची जाडी त्या फटीतून सहज जाऊन वर निम्मी जागा मोकळी राहिली पाहिजे.

आता तो कण्याचा नियम. सगळ्या फॉरवर्डमध्ये हा सर्वांत भलता आहे, आणि जिवंत आमिषाचं सगळं मर्म इथेच असल्यामुळे यावर जरा थांबतो.

माशाची शेपटी हलते ती कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंमुळे, आणि त्या स्नायूंना हुकूम कण्यातून जातो. कण्यात गळ घातला की त्या जागेच्या मागचा मासा लुळा पडतो. मग जिवंत आमिषासाठी पैसे कशाला मोजायचे? बर्फातली मेलेली अँकोव्ही स्वस्तात मिळते. शिवाय पाठीत मधोमध गळ अडकलेला मासा बोटीबरोबर ओढला गेला की आडवा होतो आणि भोवऱ्यासारखा गरगरतो. दहा मिनिटांत लीडरला इतके पीळ बसतात की स्विव्हलही, म्हणजे दोरीतली फिरती कडी, ते सोडवू शकत नाही. आणि टोक मांसात लपवलं तर मासा चावल्यावर ते टोक आधी आमिषात रुतणार. सर्कल गळाला तर हे अजिबात चालत नाही. त्याचं टोक आधीच दांड्याकडे वळलेलं असतं, फट आमिषाने भरली की तो कुठेच लागत नाही. टोक उघडं हवं. नखावर हलकेच ओढून बघा. ओरखडा उठला तर गळ धारेला आहे, घसरला तर फेकून द्या.

वाहत्या बोटीतून गरवताना गळ नाकातून आडवा घालायचा, एका नाकपुडीच्या बाजूने दुसरीकडे. तिथे पारदर्शक, कुर्चेसारखा कडक भाग असतो. त्यात गळ धरतो आणि इजा जवळजवळ होत नाही. आमिषाचं तोंड प्रवाहाकडे राहतं, कल्ल्यांतून पाणी वाहत राहतं, म्हणून मासा वीस-पंचवीस मिनिटं तरतरीत राहतो. अँकोव्हीचं नाक नाजूक असतं, फाटतं, म्हणून बरेच जण तिला खालच्या जबड्यातून वर दोन्ही ओठांतून गळ घालतात. चालतं. पण तोंड शिवल्यासारखं बंद झाल्यामुळे ती लवकर दमते आणि आमिष जास्त वेळा बदलावं लागतं, हे धरून चाला. पाठीवरच्या पराच्या पुढे, कण्याच्या वर, नुसत्या कातडीत आणि थोड्या मांसात गळ घालायची पद्धत आहे, ती पुलावरून किंवा धक्क्यावरून, शिसं एका जागी पडलेलं असताना. तिथे आमिष गोल फिरत राहतं आणि ओढलं जात नाही. बहुधा याच पद्धतीचं ऐकीव रूप ‘कण्यातून घाला’ असं झालं असावं. कण्याच्या वर आणि कण्यातून या दोन गोष्टींत मासा जिवंत असण्याएवढा फरक आहे.

गळाआधी हाताचं बघा. कोरड्या हाताने आमिष धरलं की खवले उतरतात, आणि अँकोव्ही-सार्डिनला खवले गेले की फार वेळ नसतो. टाकीतून लहान जाळीने एकच मासा काढा, ओल्या तळव्यात सैल धरा, पोट दाबू नका. टाकीत निवडताना नाक लाल झालेला घेऊ नका, तो भिंतीवर आपटत राहिलेला असतो. हिरवट-निळी पाठ चकाकणारा, थव्यात सरळ पोहणारा, खवले शाबूत असलेला घ्या. गळ घातल्यावर लगेच खोल सोडायचा नाही. बोटीच्या कडेला हातभर पाण्यात धरा आणि पाच आकडे मोजेपर्यंत बघा. नाकाने पुढे ओढ घेत, शेपटी सारखी फडफडवत, पोट खाली ठेवून तो सरळ पोहत असेल तर खाली जाऊ द्या. कुशीवर होत असेल, गिरकी घेत असेल किंवा लीडरला नुसता लोंबत असेल तर गळ चुकीचा बसलाय किंवा आमिष संपलंय. बदला. आळस करून तोच सोडणारे तासभर वाळूवर मेलेला मासा फरफटवत राहतात.

इथे तिकाटी गळाचा मुद्दा येतो, म्हणून तो फॉरवर्डच्या क्रमाने न घेता आत्ताच घेतो. कॅलिफोर्निया हॅलिबट बहुतेकदा मागून किंवा पोटाखालून पकडतो. परत आलेलं आमिष नीट पाहिलंत तर दिसेल. डोकं धड, गळ जागच्या जागी आणि मधल्या भागापासून शेपटीपर्यंत दोन्ही अंगांना खवले खरवडल्याच्या समांतर रेघा. तो हॅलिबटच होता आणि नाकातला गळ त्याच्या तोंडापर्यंत पोचलाच नाही. यावरचा उपाय म्हणजे मागे दुसरा लहान तिकाटी गळ. दक्षिण कॅलिफोर्नियात याला ‘ट्रॅप रिग’ म्हणतात. तो असा बांधायचा:

20 ते 25 पाउंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणाऱ्या, फ्लुरोकार्बनचा (पारदर्शक तंगुसाचा) साधारण चार फुटांचा तुकडा घ्या. त्याच्या टोकाला तिकाटी गळ बांधा, अँकोव्हीला क्रमांक 6, सार्डिनला क्रमांक 4. मग पुढचा एकेरी गळ त्याच दोरीवर, दांड्याला सहा-सात वेढे देऊन स्नेल पद्धतीने असा बांधा की जोर दिल्यावर तो दोरीवर थोडा सरकेल. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. फ्लुरोकार्बन कोरडं घासलं गेलं की तापून तिथेच कमजोर होतं आणि मग मोठा मासा नेमका त्या गाठीला तोडून जातो. पुढचा गळ नाकात घातल्यावर तिकाटीचं फक्त एक टोक गुदद्वाराच्या जरा पुढे, पोटाच्या बाजूला, कातडीखालून निसटतं घ्या. उरलेली दोन टोकं मोकळी. दोन गळांमधली दोरी आमिषाच्या अंगापेक्षा अर्धा ते एक इंच सैल हवी. इथेच बहुतेकांचं चुकतं. दोरी ताणलेली राहिली की आमिष धनुष्यासारखं वाकतं, शेपटी हलत नाही आणि पुन्हा तीच भोवऱ्याची गिरकी. फार सैल ठेवली तर तिकाटी उलटून लीडरलाच अडकते. पुढचा गळ सरकता ठेवायचा तो एवढ्यासाठी, म्हणजे प्रत्येक नव्या आमिषाच्या लांबीप्रमाणे अंतर बसवता येतं.

आणि तो बेकायदा? नाही. हॅलिबटसाठी तिकाटी गळाला बंदी नाही. अर्धं सत्य साल्मनच्या नियमात आहे. पॉइंट कन्सेप्शन या भूशिराच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला, साल्मन गरवताना किंवा बोटीत साल्मन असताना उलटा काटा नसलेले एकेरी गळच वापरता येतात, तेही दोनच. तेव्हा बोटीत साल्मन आला की तिकाटी काढून ठेवायची, हे खरं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते अर्धवट ऐकलं. नियम दरवर्षी बदलतात, निघण्याआधी राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचं पान उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

पोलादी तारेबद्दल फार लिहीत नाही. दात तीक्ष्ण आहेत हे खरं, पण 20-25 पाउंडी फ्लुरोकार्बन पुरतं, खडक किंवा पुलाचे खांब असतील तर 30. तार ताठ असते, आमिषाला मोकळं पोहू देत नाही, आणि पाणी निवळ असलं की माशाला दिसते. प्रत्येक माशानंतर गळाजवळचं वीतभर लीडर चिमटीतून फिरवा, खरखर लागली तर तेवढं कापून पुन्हा बांधा.

शेपटी छाटून रक्त? कॅलिफोर्निया हॅलिबट मुख्यतः नजरेने शिकार करतो. शेपटी ही तुमच्या आमिषाची हालचाल, तीच कापून टाकली तर उरलं काय? खाडीत रक्ताच्या वासाने येतात ते लेपर्ड शार्क आणि बॅट रे, म्हणजे पाकटाचा भाऊबंद. त्यांच्याशी अर्धा तास झुंजून दोरी कापायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. मोठा, दांडगा मॅकरेल फार पळत असेल तर त्याच्या शेपटीच्या एका पाकळीचं टोक कात्रीने जरासं उडवतात, तेवढी युक्ती खरी आहे. ती त्याला धीमं करण्यासाठी असते, रक्तासाठी नव्हे.

एक पाउंडाच्या शिशाचीही तीच गत. अलास्कात शे-दोनशे फूट पाण्यात, जोराच्या भरती-ओहोटीत ते लागतं. खाडीत, अलमीडाच्या रॉकवॉलजवळ किंवा क्रिसी फील्डसमोर तुम्ही बहुधा वीस-चाळीस फुटांवर असता. तिथे 2 ते 4 औंस बहुतेक वेळा पुरे. बरोबर वजनाची खूण दोरीच्या कोनात दिसते. बोट वाहत असताना दोरी साधारण पंचेचाळीस अंशांत मागे गेलेली आणि शिसं वाळूवर टक-टक करतंय असं रॉडच्या टोकाला जाणवलं पाहिजे. दोरी पाण्यावर आडवी होत गेली तर शिसं हलकं. उभीच राहिली आणि रॉड जडपणे ओढत राहिला तर ते जड, वाळूत नांगरासारखं रुततंय. मांडणी सोपी आहे. मुख्य दोरीला तीन कड्यांचं स्विव्हल. एका कड्याला आठ-दहा इंच 12 पाउंडी साधं तंगूस आणि त्याला शिसं, दुसऱ्या कड्याला तीन ते चार फुटांचं लीडर आणि गळ. शिशाचं तंगूस मुद्दाम कमजोर ठेवायचं, म्हणजे कुठे अडकलं तर फक्त शिसं तुटतं, बाकी सगळं हातात येतं. नांगर टाकायचाच नाही. हॅलिबट वाळूत पुरून बसलेला असतो, तो तुमच्याकडे येत नाही, आमिष त्याच्या डोक्यावरून न्यावं लागतं. अर्धा ते दीड नॉट वेगाने बोट वाहू द्या. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर बोट जागीच राहते, जोर जास्त असेल तर पाण्यातली छत्री, ड्रिफ्ट सॉक, सोडून वेग कमी करा.

आता तो साठ आकड्यांचा नियम. कण्याचा नियम नुसता मूर्खपणाचा आहे, यात मात्र मासे मरतात. फॉरवर्डमधलं एकच वाक्य कुणी खोडणार असेल तर हे खोडावं.

वाळूत अंग पुरून, फक्त डोळे वर ठेवून बसलेला हॅलिबट उसळतो, आमिष आडवं पकडतो, दाबून धरतो आणि मग फिरवून गिळतो. पकडणं आणि गिळणं यांच्यामध्ये काही क्षण जातात, म्हणून एकेरी जे-गळ असेल तर थोडी ढील द्यावी लागते. जुने गरवणारे थांबतात ते याच कारणासाठी, आणि फॉरवर्डमधला सत्याचा कण एवढाच. पण ती ढील पाच ते दहा सेकंदांची. रीलवरचा अंगठा सैल करायचा, दोरी जाऊ द्यायची, आधीची खडखड थांबून ती एकसारखी चालू लागली की रील बंद करून रॉड जोर देत उचलायचा. साठ सेकंदांत काय होतं याचा हिशेब करा. एक नॉट वेगाने वाहणारी बोट मिनिटाला तीस मीटर पुढे जाते. तेवढी सैल दोरी पाण्यात जमते आणि तुमच्या झटक्याचा जोर माशापर्यंत पोचतच नाही. मासा एव्हाना आमिष थुंकून गेलेला असतो, नाहीतर गळ त्याच्या घशाच्या खाली, पोटात असतो.

तो मासा किती मोठा आहे हे तुम्हाला चावा लागताना कळत नाही. कॅलिफोर्नियात या हॅलिबटची किमान लांबी 22 इंच, म्हणजे सुमारे 56 सेंटिमीटर. त्याहून लहान एकूण एक सोडावा लागतो आणि खाडीत दिवसभरात लागणाऱ्या माशांत लहानांचा भरणा मोठा असतो. ओठात गळ लागलेला वीस इंची हॅलिबट चिमट्याने गळ काढला की शेपूट मारून निघून जातो. पोटात गळ गेलेल्याचं हृदय आणि यकृत तिथेच कल्ल्यांच्या मागे असतं, गळ ओढला की तेच फाटतं. साठ आकडे मोजायचे म्हणजे सोडायचा असलेला प्रत्येक मासा आधी पोटात गळ घालून मारायचा आणि मग सोडायचा.

याच वाक्यात दुसरं अज्ञान आहे. सर्कल गळ आणि जोराचा झटका हे एकत्र चालतच नाही. सर्कल गळाचं टोक आत वळलेलं असतं. दोरी हळूहळू ताणली की तो तोंडातून सरकत बाहेर येताना जबड्याच्या कोपऱ्यात फिरतो आणि तिथे बसतो. झटका दिला की तो न फिरता तसाच निसटून येतो. ज्याने सर्कल गळ एकदा तरी वापरला आहे तो हे वाक्य लिहिणार नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की हा फॉरवर्ड कुठल्याच कोळ्याने लिहिलेला नाही.

कुठल्या गळाला काय करायचं, ते असं. सर्कल असेल तर रॉड वाकेपर्यंत हात लावू नका, मग फक्त रील फिरवा. एकेरी जे असेल तर वर सांगितलेली पाच-दहा सेकंदांची ढील. ट्रॅप रिग असेल तर थांबूच नका. तिकाटी आधीच त्याच्या तोंडात आहे, सैल दोरी गुंडाळा आणि वजन लागताच रॉड उचला. थांबलात तर तिकाटीसुद्धा पोटात जाते आणि ती एकेरीहून वाईट. तिकाटीचा हा दोष मी झाकत नाही. लहान माशाच्या तोंडात दोन टोकं दोन ठिकाणी रुततात. यासाठी तिकाटीचे उलटे काटे चिमट्याने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवलीत तर मासे त्यामुळे सुटत नाहीत. गळ स्टेनलेस घेऊ नका, साधे पोलादी घ्या. माशात राहिलाच तर ते गंजून झिजतात.

चावा चुकला तर गुंडाळून वर घ्यायची घाई करू नका. रॉड खाली करून आमिष तिथेच अर्धा मिनिट राहू द्या. हॅलिबट पुष्कळदा परत येतो. नाही आला तर ती जागा जीपीएसवर टिपा आणि त्याच रेषेवरून पुन्हा वाहत या.

राहिला शेवटचा नियम, आकडीचा, म्हणजे गॅफचा. इथे मत-मतांतराला जागाच नाही, कारण राज्याच्या समुद्री मासेमारीच्या नियमांत कलम 28.65 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. किमान लांबीपेक्षा लहान मासा वर घेताना आकडी वापरता येत नाही, आणि समुद्रात बोटीवरून मासे गरवणाऱ्याजवळ किमान 18 इंच व्यासाच्या तोंडाची हातजाळी असलीच पाहिजे, ती नेमकी लहान मासे न दुखावता घेता यावेत म्हणून. ‘मासा वर आला की लगेच आकडी मारा’ हे वाक्य पाळलंत आणि मासा एकवीस इंची निघाला, तर मासाही जातो आणि दंडही होतो. जाळी आधी पाण्यात धरा, स्थिर, आणि मासा डोक्याकडून तिच्यात आणा. शेपटीकडून जाळी घातली की तो एका फटक्यात पुढे सुटतो. त्याचं डोकं पाण्याबाहेर उचलू नका. हॅलिबट बोटीजवळ येईपर्यंत ओल्या पोत्यासारखा येतो, डोकं हवेत आलं की मान झटकतो आणि बहुतेक गळ तेव्हाच सुटतात.

मोजताना मासा सपाट फळीवर ठेवायचा, तोंड मिटलेलं, डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या सर्वांत लांब टोकापर्यंत. सोडायचा असेल तर हात ओले हवेत आणि कल्ल्यांत बोट घालायचं नाही. गळ ओठात दिसत असेल तर लांब नाकाच्या चिमट्याने, आला तसा उलट फिरवून काढा. दिसत नसेल, खोल गेला असेल, तर तोंडाशी जितकं जवळ कापता येईल तितकं लीडर कापा आणि गळ आतच राहू द्या. खाऱ्या पाण्यात कल्ले फाटलेली जखम भरत नाही. कापून सोडलेल्याला निदान संधी असते. ठेवायचे किती तेही बघा. पॉइंट सर या भूशिराच्या दक्षिणेला दिवसाला पाच, उत्तरेला, म्हणजे खाडीत, 2023 मध्ये ही मर्यादा तीनवरून दोनवर आली.

ज्यांनी 16/0 मागवलेत त्यांनी पाकीट न फोडता परत करावं. त्याच पैशांत क्रमांक 2 आणि 1/0 च्या लाइव्ह बेट गळांचं एकेक पाकीट, क्रमांक 6 च्या तिकाटीचं एक पाकीट आणि 20 पाउंडी फ्लुरोकार्बनचं एक लहान रीळ येतं. उरले तर 2, 3 आणि 4 औंसांची चार-चार शिसं घ्या, पहिल्या दिवशी निम्मी तळाला राहतात.